काइंड लिहू की जेनरस?

दि. ४ मार्च

चि. काटेकोर हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हो-नाही करून मोकळी होतेस, म्हणून हे पत्र. पडले तेव्हा मोडलेलं खुब्याचं हाड जुळत आलंय, मी घरभर फिरते. तेव्हा त्याची चौकशी नको.

काम वेगळंच आहे. एखादं माणूस मनाने फार चांगलं असेल, दुसऱ्यासाठी झिजत असेल, तर त्याला इंग्रजीत काय म्हणतात? कोशात पुष्कळ शब्द सापडले, पण त्यातला कुठला वजनदार आणि कुठला नुसताच लांब, हे कोश सांगत नाही. मला 'मॅग्नॅनिमस' आवडला आहे. उच्चारतानाच छाती भरून येते. एका अर्जाला इंग्रजीतून शिफारस जोडायची आहे. तुझे बाबा असते तर त्यांना, माझ्या भावालाच, विचारलं असतं. आता तूच. कोणासाठी ते विचारू नकोस, विचारशीलच.

माया आहेच, तिला उत्तराचं खतपाणी घाल.

तुझी,
आत्या

*

दि. ९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाय बरा असल्याचं पहिल्याच ओळीत सांगून तू चौकशी बंद केलीस, हे लक्षात ठेवलं आहे.

आधी शब्द. 'मॅग्नॅनिमस' नको. हरलेल्या शत्रूला जो मोठ्या मनाने सोडून देतो, त्याला तो शोभतो. तुझ्याशी कोणी लढाई जिंकल्याचं तू कळवलेलं नाहीस. 'चॅरिटेबल' म्हटलं की देणारा वरच्या पायरीवर उभा राहतो. 'जेनरस' म्हणजे लागतं त्याहून जास्त देणारा. 'कन्सिडरेट' म्हणजे समोरच्याचं काय अडतंय ते न सांगता ओळखणारा. 'काइंड' सगळ्यात साधा. 'सेल्फलेस' लिहूच नकोस. स्वतःचा विचारच न करणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि प्रयोगशाळेत आम्ही जे मोजलं नाही त्यावर शिक्का मारत नाही. दाबमापकाचा काटा किती चुकतो तेवढं लिहितो. मापक मनाने चांगलं आहे असं लिहीत नाही.

आता माझे प्रश्न. हे माणूस कोण? घराची किल्ली त्याच्याकडे असते का? शिफारस त्याने मागितली, की तुला सुचली? माणूस कशासाठी झिजत होतं ते फार उशिरा कळतं, तोवर कागदांवर सह्या झालेल्या असतात. सध्या 'हेल्पफुल' आणि 'पंक्च्युअल' एवढेच वापर. त्याने कोणाचं नुकसान होणार नाही.

उत्तर सविस्तर हवं. तुझ्या लोभातली,
काटेकोर

*

दि. १४ मार्च

चि. फौजदारीणबाईंस आशीर्वाद.

वरच्या मजल्यावरची शिवणवाली. जिन्यात तू तिला पाहिलं आहेस, तोंडात टाचण्या धरून बोलते ती. मी पडल्यापासून माझं सगळं तीच बघते. आंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहते, इतकी जपते. किल्ली तिच्याकडेच आहे. मग काय खिडकीतून येईल?

परगावी मुलांचं एक वसतिगृह आहे, तिथे मेट्रन हवी आहे. कायमचं काम, राहायला खोली. परदेशी लोक ते चालवतात, म्हणून इंग्रजी. जिची सेवा केली तिचंच पत्र पाहिजे म्हणे. हल्ली सगळे तयार कपडे घेतात, शिवायला कोण देतं? तिला ही जागा मिळालीच पाहिजे. तुझं 'पंक्च्युअल' तुझ्याकडे ठेव, मी घड्याळाची शिफारस करत नाहीये. चांगले, भरदार शब्द घालून पत्र तूच टाइप कर आणि सहीला पाठव.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
आत्या

*

दि. २० मार्च

ताईंना स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आत्यांकडून मला काय हवं आहे, असं तुम्ही सरळ विचारलंत. वाचून राग आला. एक आख्खा झगा शिवून झाला, तेव्हा उतरला. माझी आत्या असती तर मीही विचारलं असतं.

अर्ज मी लिहिला होता, हे खरं. मग त्या पडल्या आणि मी तो मशीनच्या खणात टाकला. त्यांनी तो मागून घेतला होता; शिफारस जोडून त्या तो परस्पर पाठवणार आहेत, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. त्या घरभर फिरतात, हेही तुम्हाला खोटंच लिहिलंय. पलंगावरून खुर्चीत यायला माझा हात लागतो. मी गेले तर कोण, असं विचारलं की म्हणतात, भाची येणार आहे.

तेव्हा शिफारस जरा फिकी लिहा. जागा दुसरीला जाईल आणि कोणाला वाईट वाटणार नाही. त्यांना यातलं काही कळवू नका.

मला काय हवंय, तर मी शिवत असताना त्या मोठ्याने पेपर वाचतात, ते. दुसरं सुचत नाही.

कळावे, गैरसमज नसावा.

वरच्या मजल्यावरची

*

दि. २५ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

घरभर फिरणाऱ्या बाईच्या आंघोळीचं पाणी दुसरं कोणी तपासत नाही. तिथे तू सापडलीस, म्हणून मी शिवणवालीला परस्पर लिहिलं. तुला कळवू नका असं तिने सांगितलं आहे. मी कळवते आहे, कारण तुम्ही दोघी एकमेकींपासून इतकं लपवता आहात की तिसरीने तरी सरळ असलं पाहिजे. तिने जावं म्हणून तू भरदार शब्द मागतेस. तिला राहता यावं म्हणून ती फिके मागते. माझ्या टेबलावर दोन मापकं अशी उलट दिशांना चुकली, तर मी मापकांना दोष देत नाही. मधली जोडणी उघडून बघते. इथे मध्ये एक भाची निघाली. ती येणार असं तू तिला सांगितलंस आणि मला मात्र नाही. ती थाप होती की आशा, याबद्दल माझा संशय कायम आहे.

शिफारस सोबत आहे. शिवणवाली तुला उठवते कशी, पाणी बघते कसं, एवढंच लिहिलं आहे, आणि शेवटी एक विशेषण: काइंड. तो शब्द तिथल्या मुलांनाही वाचता येईल. 'जेनरस' काढून टाकला. तो तुम्हा दोघींपैकी कोणाला द्यावा हे ठरेना. सही करून अर्जाला जोड आणि टपालात टाक.

माझी रजा मंजूर झाली आहे. शनिवारी येते, आणि तुझं तुला उठता येईपर्यंत राहीन. इतके दिवस खरं लिहिलं नाहीस याचा राग उतरलेला नाही, तोही घेऊन येते. शिवणवालीला सांग, जाण्याआधी तुला कसं उचलायचं ते मला शिकवून जा. पहिल्या खेपेला मी चुकेन. तू मात्र अंग चोरू नकोस, सगळा भार माझ्यावर टाक.

तुझी,
भाची