गाडीतला गॅस जातो कुठे

प्रिय ठमाबाई,

दोन महिने तू माझा फोन उचललेला नाहीस. आईचा उचलतेस. ती आतल्या खोलीत दार लोटून तुझ्याशी बोलते आणि मी बाहेर पेपरचं तेच पान पुन्हापुन्हा वाचत कान देतो. तू या घरी पुन्हा येणार की नाही, एवढाच प्रश्न मला पडलेला आहे. उत्तर देण्याआधी मात्र सगळं ऐकून घे. त्यात तुला ठाऊक नसलेलंही आहे.

ठाऊक असलेलं आधी. आपली उघड्या छताची गाडी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वारा-धूळ बंद केली आणि छत मिटलं. काळं कापड, वर भर उन्हाळा. आत बसलेला माणूस भाजून निघायचा. एसी नुसताच घरघरायचा. शेजारचे मास्तर म्हणाले, छप्पर उघडणाऱ्या गाडीला एसी म्हणजे टकल्याला कंगवा! पण आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून तुझ्या नवऱ्याच्या गॅरेजात गेलो.

त्याने काम केलं, मी हाताची घडी घालून शेजारी उभा राहिलो. आधी यंत्र लावून त्याने पाइपांतली हवा ओढून घेतली. मीटर हलतं का ते बघत अर्धा तास थांबला. मग वजन करून एसीचा गॅस सोडला आणि सोबत थोडा रंग घातला. कुठे गळालं तर निळ्या दिव्याखाली तो रंग हिरवा चमकतो, म्हणाला. परतताना आईने शाल मागितली, इतकं गार. तीन आठवड्यांत पुन्हा कोमट. पुन्हा भरला, पुन्हा कोमट. तिसऱ्या वेळी त्याने गॅस भरायच्या तोंडावर प्लास्टिकच्या टोपीऐवजी घट्ट पितळी टोपी बसवली आणि हळूच म्हणाला, बाबा, ही उघडू नका हं.

उघडू नका! तीस वर्षं युनियनच्या सभांत, कारखान्याच्या फाटकावर उभं राहून मी कामगारांना काय सांगितलं? झाकलेलं असेल ते उघडा, ज्याच्या हाती मोजमाप आहे त्याच्यावर नजर ठेवा. कपाटभर पुस्तकांनी मला हेच शिकवलं आणि आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. माझी खात्री पटली, टोपीखाली पाणी मुरतंय. गाडी पुन्हा कोमट झाली तेव्हा त्याच्या गॅरेजात सहा गिऱ्हाइकांसमोर मी तोंड सोडलं. गॅस भरतोस की नुसता सुस्कारा? सासऱ्यालाच फसवणारा इतरांचं काय करत असेल? तो हात पुसत उभा होता. एवढंच म्हणाला, बाबा, गॅस वापरून संपत नाही, कुठूनतरी बाहेर जातो. संध्याकाळी तुझा फोन आला. तू जे बोललीस ते मला पाठ आहे.

आता तुला ठाऊक नसलेलं. गेल्या आठवड्यात मी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मेकॅनिकबाईंकडे गाडी नेली. तुझा नवरा लबाड आहे हे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी शटर अर्धं ओढलं, निळा दिवा लावला आणि सगळे पाइप तपासले. स्वच्छ! फक्त गॅस भरायच्या तोंडाभोवती हिरवं रान उगवलं होतं. मी विजयाने वळलो, तसा दिवा माझ्यावर पडला. माझ्या शर्टाचा खिसा हिरवागार. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोकही, नखंही. बाई म्हणाल्या, काका, चोर सापडला.

दर सकाळी, पोरी, फिरून आल्यावर मी ती टोपी काढायचो आणि आतली पिन स्क्रूड्रायव्हरने दाबायचो. फुस्स आवाज आला की समाधान: आहे, गॅस आहे. पितळी टोपी तर पक्कडीने काढायचो. दररोज एक फुस्स. दाबून दाबून पिनही झिजली, मग न दाबताही गळू लागली. बाईंनी बोटाच्या पेराएवढी ती पिन बदलली आणि म्हणाल्या, ज्याने रंग घातला तो कामाचा पक्का आहे, त्याने हे आधीच पाहिलं असणार.

त्याने पाहिलं होतं. म्हणून तर पितळी टोपी. सहा माणसांसमोर तो एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असता, आणि तो गप्प राहिला. मी आयुष्यभर गप्प बसणाऱ्याला दोषी धरत आलो. चार रात्री मी याच एका गोष्टीवर अडलो आहे. शनिवारी त्याच्या गॅरेजात जाणार आहे. गिऱ्हाइकं जमेपर्यंत थांबेन. आरोप चारचौघांत केला, तर माफीही चारचौघांतच मागायची.

पण हे पत्र त्यासाठी नाही, ते मी तुझ्या आईकडून फोनवर कळवू शकलो असतो. गॅरेजातल्या त्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी मी तुझा नवरा पूर्वी ज्या गॅरेजात होता, त्याच्या मालकांना पत्र लिहिलं. हा माणूस कसा होता, नोकरी का सोडली, कधी काही गहाळ झालं होतं का, सगळं विचारलं. तुझ्या आईलाही पत्ता लागू दिला नाही. आज सकाळी त्यांचं उत्तर आलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून ते या पत्रासोबत पाठवतो आहे. फोडलेलं नाही. उजेडाकडे धरून पाहिलं, खोटं कशाला सांगू; पाकीट जाड आहे, काही दिसलं नाही. तू फोड, त्याच्या हातात दे, नाहीतर जाळून टाक. फक्त आत काय लिहिलं आहे ते मला सांगू नकोस. मी विचारेन. तरी सांगू नकोस.

तुझाच, खोड अजून न गेलेला,
बाबा