नारळी पुनवेनंतरची सफर

॥ श्री ॥
पिरिअस, ग्रीस
ता. २० मे १९८६

ती. वहिनीस हरिश्चंद्रचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील. राग पत्राच्या शेवटापर्यंत धर, मग सोड. आमची बोट यंदा निम्मी रिकामी फिरते आहे. इकडे बोटी-विमानं पळवण्याचे प्रकार झाले, त्याला घाबरून अमेरिकेची माणसं येईनाशी झालीत आणि आम्ही वाढपी रिकाम्या टेबलांवरची कापडं बदलत बसतो. म्हणून कंपनीने एक सवलत काढली आहे. नोकरमाणसाने आपल्या बायकोला किंवा आई-वडिलांना एका सफरीला आणावं, राहणं-जेवण फुकट. मला बायको नाही, ती तुम्ही अजून शोधताच आहात. तेव्हा आई-वडिलांच्या रकान्यात मी दादाचं आणि तुझं नाव लिहून दिलं. कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. मला न्हाऊमाखू कोणी घातलं ते मला ठाऊक आहे.

दिवाळीत तुमचे पासपोर्ट करून घेतले तेव्हा तुम्हांला चेष्टा वाटली होती. नथ घालून काढलेला तुझा तो फोटो आता कामाला येईल. विमानाचं मी बघतो, व्हिसाचं मुंबईचा एजंट बघेल.

दोन सफरींची चित्रं सोबत पाठवली आहेत. एक जुलैअखेरची. इथून थेट इजिप्तला, मग सायप्रस, मग परत. तिच्यात दोन दिवस नुसतं पाणी आहे. त्या दिवसांत इकडच्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे बोटीवर पोरांचा गलका फार. दुसरी सप्टेंबरातली, बेटाबेटांवरून जाते, जमीन सारखी दिसत राहते. शाळा उघडलेल्या असतात, सगळं शांत. मूलबाळ नसलेली जोडपी बहुधा हीच घेतात. दोघांनी बसून ठरवा आणि लगेच कळवा. दादाने चित्रातल्या बाया बघत बसू नये असं त्याला सांग.

लोभ तुझाच आहे, तो आटू देऊ नको.

तुझा,
हरिश्चंद्र

॥ श्री ॥
रत्नागिरी
ता. ५ जून १९८६

चि. हरिश्चंद्र यास बकुळावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. ह्यांनी चित्रं पाहिली आणि घडी घालून फडताळात वर ठेवली, यमुनाबाईच्या नजरेस पडू नयेत म्हणून. त्या आल्या त्या थेट फडताळाकडेच गेल्या. म्हणाल्या, ह्या बायांना थंडी वाजत नाही काय. यमुनाबाईचे यजमान धोंडूभावजी आणि हे होडीत भागीदार, त्यामुळे त्यांना आपल्या घरातलं सगळं त्यांचंच वाटतं. तुझा तो रकाना मात्र मी त्यांना दाखवला नाही. तेवढं मी एकटीने वाचलं, दोनदा.

होड्या वर काढल्या, माडाच्या झापांनी शाकारून झाल्या. हे दिवसभर अंगणात जाळी विणतात आणि माझ्या कामात खोड्या काढतात. जुलैत ह्यांना दुसरा उद्योग नसतो. म्हणून मला वाटतं, जुलैची सफर बरी.

खरं सांगू काय, मला तीच हवी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांची होडी निघाली की मी पुळणीवर उभी असते, होडी दिसेनाशी होईस्तोवर. आल्यावर हे सांगतात, आज जमीन बुडाली इतक्या लांब गेलो होतो. जमीन बुडते म्हणजे कशी दिसते ते मला कधी कळलंच नाही. आपल्यात बाईमाणूस मासेमारीच्या होडीवर चढत नाही. खाडीतल्या तरीत बसले तेवढंच माझं पाणी. मुंबईची बोट बंदरात लागायची तेव्हा हे म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ. मग ती लागायचीच बंद झाली. एकदा ह्यांच्या शेजारी उभं राहून चहूकडे पाणी बघावं, एवढीच माझी हौस आहे. मग डोळे मिटले तरी चालतील.

आणि पोरांच्या गलक्याचं तू लिहिलंस. अरे, गलका असेल तीच सफर मला दे. शांतता घरात पुष्कळ आहे.

ह्यांचं मत मात्र वेगळं दिसतं. तू एकदा समजावून लिही. तुझं ऐकतात.

जेवण वेळेवर करत जा. आमची माया आहे तशीच आहे, तू कमी पडू देऊ नको.

तुझी वहिनी,
बकुळा

॥ श्री ॥
पिरिअस
ता. १९ जून १९८६

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

वहिनीचं पत्र मिळालं. दादा, तुम्ही अडलात कुठे ते मी ओळखलं. जुलै म्हणजे आषाढ, आणि आषाढात दर्या बंद. पण तो आपला दर्या. इकडे आषाढात पाऊस नाही, वादळ नाही. समुद्र तळ्यासारखा पडून असतो. उलट इकडे थंडीत तो उधाणतो. इथले कोळी या दिवसांतच सगळ्यांत जास्त जाळी टाकतात, मी रोज बघतो. आमची बोट तर इतकी मोठी की आपल्या वाडीतली सगळी घरं तिच्यात मावतील.

दुसरं असं की, जुलैची केबिन मी नक्की करू शकतो. सप्टेंबरचं कोणी सांगू शकत नाही. माणसं आली नाहीत तर कंपनी काय करील याच्या नाना गोष्टी स्वयंपाकघरात चालतात. वहिनीने माझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. हे पहिलंच. तेव्हा मान्य करा आणि तार करा. नुसतं हो लिहिलं तरी पुरे.

धाकट्याचा हट्ट समजून पदरात घ्यावा.

आपला,
हरिश्चंद्र

॥ श्री ॥
रत्नागिरी
ता. २ जुलै १९८६

चि. हरिश्चंद्र यास खंडूचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मी पत्रं लिहीत नाही ते तुला ठाऊक आहे. हे तारेत मावणार नव्हतं म्हणून लिहितो.

तू म्हणतोस तिकडचा समुद्र तळ्यासारखा असतो. असेल. पण मी तांडेल आहे, होडी हाकणारा. पुनवेचा नारळ पाण्यात पडल्याशिवाय मी पाण्यात पाय घालत नाही. पाण्याला काही मध्ये गडगा घातलेला नाही, की इथवर आपलं आणि तिथून पुढे ग्रीसचं.

तू तेव्हा नुकता चालायला लागला होतास. बाबा पुनवेच्या आधी दर्यावर गेले. पाऊस उघडला होता, दर्या तेलासारखा दिसत होता. सगळे म्हणाले, चार दिवस आधी गेलं तर काय बिघडतं. मीही म्हणालो. मग होडीची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली. त्या धक्क्याने आई गेली आणि नव्या नवरीच्या कडेवर तू आलास. त्यानंतर मला कोणी शांत समुद्राच्या गोष्टी सांगू नयेत.

तुझ्या वहिनीला मी अशा दिवसांत पाण्यावर नेणार नाही. माझ्याजवळ दुसरं माणूस नाही.

सप्टेंबरची बेटांची सफर लिहून टाक. जमीन दिसत राहील ते बरं. होडीचा हंगाम बुडेल, तो धोंडू सांभाळील. तुझी वहिनी दोन दिवस रुसली होती, आता बोलते. मी काही तिची हौस मारत नाही, महिनाभर पुढे ढकलतो आहे.

जपून राहा. बाकी भेटीत.

खंडू

॥ श्री ॥
रत्नागिरी
ता. २१ ऑगस्ट १९८६

चि. हरिश्चंद्र यास बकुळावहिनीचे अनेक आशीर्वाद.

परवा नारळी पुनव झाली. आता ह्यांची ना नाही. मी आधी थोडी रुसले होते ते खरं, पण तुझ्या दादाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, त्यामुळे फार दिवस रुसता येत नाही. जमीन बुडली नाही तर नाही. बेटं तर बेटं. ह्यांच्या शेजारी उभी राहीन ते काय कमी आहे?

तयारी झाली. सावर्ड्याच्या माझ्या बहिणीने, सगुणाने, लोकरीचा स्वेटर विणून पाठवला. गळा एवढा मोठा झाला आहे की त्यात हे आणि मी दोघं मावू. बूट घालून रोज पुळणीवर चालते. बाया पदर तोंडाला लावून हसतात. काट्याने भात खायचा सराव ह्यांनी एक दिवस केला आणि काटा माडाच्या बुंध्यात खुपसून ठेवला. तुझ्यासाठी सुके बांगडे आणि कुळथाचं पीठ घेतलं आहे. विमानात वास येईल असं हे म्हणतात. येऊ दे.

पुनवेला होडीची पूजा यमुनाबाईने केली. दर वर्षी त्याच करतात, त्यांचं घर लेकरांनी भरलेलं आहे म्हणून. तांडेलाची बायको मी, पण मी मागे उभी असते. इतर वर्षी घरी येऊन चूल पेटवायला मला थोडा वेळ लागायचा. या वेळी काही वाटलं नाही. मनात म्हटलं, तुम्ही होडी पुजा, मी बोटीवर चालले.

विमानतळावर तू स्वतः घ्यायला ये. दुसऱ्या कोणाला पाठवू नको.

भेटीची वाट बघणारी,
बकुळा

॥ श्री ॥
पिरिअस
ता. १९ ऑगस्ट १९८६

ती. दादा व वहिनीस हरिश्चंद्रचा सा. न. वि. वि.

कसं लिहू ते समजत नाही, म्हणून सरळच लिहितो. बोट विकली. काल कप्तानाने सगळ्यांना जेवणघरात बोलावून सांगितलं. सप्टेंबरच्या सगळ्या सफरी रद्द. आम्हांला महिनाअखेर मोकळं करतील. मला एका मालवाहू बोटीवर काम मिळतंय, पण तिच्यावर घरच्यांना नेता येत नाही. तुमची तिकिटं मी परत केली.

जुलैची सफर चांगली झाली. बोट भरली नव्हती तरी पोरांनी डेक डोक्यावर घेतला होता. तुमच्यासाठी धरलेली केबिन तशीच मोकळी गेली. जमीन दिसेनाशी झाली त्या सकाळी मी तिचं दार उघडून बघितलं. गोल खिडकीत पाणीच पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. मी जरा वेळ तिथल्या पलंगावर बसलो आणि कामाला गेलो.

वहिनी, दादाला बोल लावू नको. मीच आणखी हट्ट करायला हवा होता.

तुम्हां दोघांचा,
हरिश्चंद्र

॥ श्री ॥
रत्नागिरी
ता. ८ सप्टेंबर १९८६

चि. हरिश्चंद्र यास खंडूचे आशीर्वाद.

तिचं पत्र आणि तुझं पत्र वाटेत चुकली. तुझं आलं तेव्हा तुझी वहिनी पुळणीवर बूट घालून फिरत होती. मी पत्र हातात घेऊन अंगणात उभा राहिलो. तिने लांबूनच माझ्याकडे बघितलं आणि खाली बसून बूट काढले. मला काही सांगावंच लागलं नाही.

तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी त्या रात्री जेवलो नाही, ती नेहमीसारखी जेवली. तेव्हा मला जास्त भीती वाटली.

चार दिवसांनी मी तिला म्हटलं की चल, माझ्या होडीतून चल. मी तुला जमीन बुडेपर्यंत नेतो. धोंडू काय म्हणायचं ते म्हणू दे, वाडी काय म्हणायची ती म्हणू दे. ती माझ्याबरोबर पाण्यापर्यंत आली. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हात ठेवला. इतकी वर्षं माझ्या घरात काढून तिने होडीला हात लावला तो पहिल्यांदा. खलाशी जाळं आवरत राहिले, कोणी वर बघेना. मग तिने हात काढला. मला म्हणाली की ह्या होडीवर दहा घरांची पोटं आहेत. एक दिवस जाळं रिकामं आलं तर ते माझ्या पदरात टाकतील. मूल नाही ते एक टाकलं आहे, तेवढं मला पुरतं. त्या बोटीवर मला कोणी ओळखणार नव्हतं, म्हणून मला तिथे यायचं होतं. एवढं बोलली आणि घरी गेली.

हरिश्चंद्रा, मला वाटत होतं तिला समुद्र बघायचा आहे. मी समुद्राचाच विचार करत बसलो. तिचा केला नाही.

बांगडे आणि पीठ सगुणाकडे पाठवून दिलं. स्वेटर मी घालतो. तू मालवाहू बोटीवर चढ, पण दिवाळीला घरी ये. तू आलास की ती हसेल.

मासळी यंदा चांगली लागते आहे. होडी रोज पहाटे निघते. ती चहा देते, डबा बांधून देते, दारापर्यंत येते. पुळणीवर येत नाही. खलाशी पुढे बघतात, मी सुकाणू धरून मागे बघतो, जमीन बुडेपर्यंत.

तुझा,
दादा