कुंदाचा उजवा खांदा

विलेपार्ले,
दि. १४ नोव्हेंबर १९५६

ती. भाऊंना मार्तंडाचा नमस्कार.

घाटकोपरहून आपलं कार्ड मिळालं. इकडे मुलं बरी आहेत. ‘तीन आठवडे झाले, कुंदाला अजून वेणी घालता येत नाही म्हणजे काय?’ असं आपण लेकीच्या काळजीने विचारलंत, म्हणून तपशिलाने लिहितो.

दारामागच्या भिंतीवर मी पेन्सिलीने इंच आखले आहेत. रोज सकाळी ती उजवा हात जमेल तेवढा वर नेते. सोमवारी जमिनीपासून साडेएकेचाळीस इंच गेला, आज एकेचाळीस.

उपाय करणारे तिघं, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. इस्पितळातल्या व्यायामाच्या बाई म्हणतात, मालिश बंद. शेक घ्या आणि भिंतीवर बोटं चढवा. वाकोल्याचा हाडवैद्य धोंडू म्हणतो, “सांधा सरकलाय. एकदा बसवतो, बाई मोकळी.” बाळंतिणींना तेल लावणारी शेवंती म्हणते, “नस चढलीय. एकवीस दिवस माझ्या हाताखाली द्या, आणि तुम्ही मध्ये नाक खुपसू नका.”

मी चौथीपर्यंत शिकलेला, पण कारखान्यात अर्ध्या सुताचा फरक नुसत्या बोटाने ओळखतो. इथे मात्र डोकं चालत नाही. कुंदाला विचारलं तर म्हणते, “आधी तुमचे हात आवरा, मग कुणाचे लावायचे ते बघू.”

ती असं का म्हणते, ते लिहायलाच हवं.

ती स्टुलावरून पडली, असं मी आपल्याला कळवलं होतं. ती पडली नाही. खांदा आधी नुसता आखडला होता. हात कपाळापर्यंत जायचा. जाम झालेले नट मी तीस वर्षं सोडवतोय. तेल, शेक, मग एक हिसका. तेच केलं. ती “अहो, नको” म्हणाली. मी म्हटलं, “गप्प बस, मला कळतं.” कट्‌कन वाजलं. मला वाटलं, सुटला.

स्टुलाची गोष्ट तिनेच काढली, माझी लाज राखायला. मग तिघांनाही आम्ही स्टूलच सांगितलं. इस्पितळातल्या बाईंनी विचारलं, “कुठल्या कुशीवर पडलात?” कुंदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “डाव्या.” भाऊ, पडली डाव्या कुशीवर आणि दुखतोय उजवा खांदा! बाईंनी तसंच लिहून घेतलं.

खोट्या माहितीवर दिलेले तीन सल्ले. त्यातला बरोबर कुठला, हे मी कुठल्या तोंडाने ठरवू?

उद्या अकरा वाजता इस्पितळात खरं सांगणार आहे, मग धोंडूला, मग शेवंतीला. पुढे कुणाकडे जायचं ते कुंदा ठरवेल. हात पूर्वीसारखा होईल का, हे मात्र कुणाला विचारायचं धैर्य होत नाही.

आपल्याला आधी लिहिलं, कारण ती आपल्याला हे जन्मात सांगणार नाही. रविवारी या. मुलांसमोर मला बोललात तरी चालेल.

तो हिसका देणारा,
मार्तंड