एका कंपनीतली दोघं

सोल, १२ ऑक्टोबर १९९७

ती. ओकबुनताईस,
धाकट्या मिरानचा सा. न. वि. वि.

कंपनीनं सणाला दिलेली पेटी पोचली ना? थोंगयोंगला, समुद्राच्या दारात, डबाबंद मासे पाठवले म्हणून भावजी हसले असतील. हसू देत. पेटीवरचा कंपनीचा शिक्का मात्र शेजारणीला दाखव.

एवढ्या मोठ्या विमा कंपनीत जीव गुदमरत नाही का, असं तू विचारलंस. गुदमरतो की! गणवेश फक्त आम्हा बायकांना. मी उपप्रमुख झाले तरी पाहुणे आले की कॉफी मीच न्यायची. शुक्रवारी साहेबांबरोबर प्यायला बसायचं आणि त्यांचं बेसूर गाणं संपेपर्यंत टाळ्या वाजवायच्या. पण ताई, बाबा गेले तेव्हा आठव. गाडीभर माणसं कंपनीनं पाठवली होती. दारातल्या चपलासुद्धा त्यांनी जोडीनं लावून ठेवल्या. नवरा गेलेली एखादी म्हातारी फोनवर रडते, मी तिचे पैसे मिळवून देते, तेव्हा वाटतं, या कामासाठीच आपण जन्मलो.

तेसोब दोन टेबलं सोडून बसतो. दाव्यांचं काम मीच त्याला शिकवलं, म्हणून लग्नाला इतकी वर्षं झाली तरी घरी मला मास्तरीणबाई म्हणतो. तब्येतीला जप. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
मिरान

---

थोंगयोंग, २० नोव्हेंबर १९९७

चि. सौ. मिरान हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पेटी पोचली. शेजारीण दोनदा येऊन बघून गेली. कालवांचा हंगाम सुरू झालाय. दिवसभर शेडमध्ये उभं राहून शिंपले फोडते. हात असे झालेत की तुझ्या साहेबांना कॉफी दिली तर ते कपाला हात लावणार नाहीत. मला इथे सगळे सुंगहूची आई म्हणतात. तुला फोनवर उपप्रमुख म्हणतात हे तुझ्या भावजींना सांगितलं, तर ते म्हणाले, आता मेहुणीशी उभं राहूनच बोलावं लागणार.

टीव्हीवर मोठमोठ्या कंपन्या बुडाल्याचं सांगतात. तुमचं बरं आहे ना? मला आकडे कळत नाहीत, दोन शब्दांत कळव. तेसोबरावांना आशीर्वाद. आहे हा लोभ असाच राहू दे.

तुझी,
ताई

---

सोल, ८ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलेलं इतके दिवस लिहवलं नाही. मी नोकरी सोडली.

नवराबायको दोघंही कंपनीत असतील तर एकानं निघावं, असं ठरलं. तसा कागद कुणी काढला नाही. साहेबांनी मला एकटीलाच बोलावलं आणि स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. तेव्हाच मी ओळखलं. ते म्हणाले की पुरुष घरी बसला तर चारचौघांत तोंड दाखवू शकत नाही, बाईचं तसं नसतं. आणि मी राजीनाम्यावर सही केली नाही, तर तेसोबला बिनपगारी रजेवर धाडावं लागेल.

घरी येऊन जेवताना सगळं सांगितलं. तू राहा, मी बघतो काहीतरी, एवढं तो म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाला असता तरी मी त्याला जाऊ दिलं नसतं गं. सही मीच करणार होते. तो सार पीत राहिला. मग म्हणाला की किमची संपलीय का. मी उठून आणली.

निघाले त्या दिवशी ऑफिसातल्या पोरी स्वच्छतागृहात रडल्या. साहेबांनी फुलं दिली. तेसोबनं ती घरापर्यंत धरली.

भावजींना इतक्यात सांगू नकोस. कळावे, तुझ्या आशीर्वादाची गरज आहे.

मिरान

---

थोंगयोंग, १५ फेब्रुवारी १९९८

चि. मिरान,
आशीर्वाद.

भावजींना सांगितलं, राहवलं नाही. ते म्हणाले, एकाची तरी राहिली हे काय कमी आहे. मी शिंपल्यांची बादली त्यांच्या पायावर ओतली. आज लंगडताहेत.

एकच विचारते. त्यानंतर तरी तो कधी म्हणाला का, की तुझ्यावर अन्याय झाला? म्हणाला असेल तर त्याला पुन्हा शिव्या देणार नाही. इकडे ये चार दिवस. तुझी खोली झाडून ठेवलीय.

तुझी,
ताई

---

सोल, १९ जुलै १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस ते तो कधीच म्हणाला नाही. आणि मी तिकडे आले नाही, कारण कंपनीनं परत बोलावलं. कंत्राटावर. तेच टेबल, तेच काम, पगार मात्र अर्धा. बिल्ला वेगळ्या रंगाचा, आणि कायमच्यांचं जेवण उरकल्यावर आमची पाळी. मला फोनवरच्या म्हाताऱ्यांची आठवण येत होती, म्हणून गेले. पहिल्या दिवशी गणवेशाची गुंडी लावताना मला आनंद झाला, ताई. त्याचीच लाज वाटते.

मंगळवारी लिफ्टमध्ये होते. तेसोब नव्या संचालकांना घेऊन आत आला. मी वाकून नमस्कार केला. संचालकांनी विचारलं की या कोण. तेसोब म्हणाला की आमच्याकडची कंत्राटी बाई आहे.

संध्याकाळी त्यानं पीच सोलून, फोडी करून माझ्यासमोर ठेवले. मी खाल्ले. तो वाईट नाही. कंत्राटी माणसांशी नातं दाखवायचं नाही, असं कायमच्यांना सांगितलंय. तोही घाबरलाय, पुढच्या यादीत आपण असू म्हणून.

पण काल सकाळी घरात तो न्हाणीतून बाहेर आला आणि माझी मान आपोआप वाकली, ऑफिसातल्यासारखी. त्यानंही मान हलवली, ऑफिसातल्यासारखीच. मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं.

आणखी लिहवत नाही. विसरू नकोस मला.

मिरान

---

थोंगयोंग, २३ जुलै १९९८

चि. मिरान,

शनिवारच्या पहिल्या गाडीनं निघतेय. नोकरी सोड, नवरा सोड, असलं काही सांगायला येत नाही. त्यालाही काही बोलणार नाही. त्याला बाहेरच्या खोलीत झोपू दे. मी तुझ्याजवळ झोपेन, लहानपणी तू तापलीस की झोपायचे तशी. रडायचं असेल तर तोवर थांब.

ताई