मीच दिलेला सल्ला

मिताली,

नोकरी सोडून तुला मिळणार काय होतं? मॅनेजरला चोर म्हटल्याचं समाधान आणि पुण्याचं परतीचं तिकीट. म्हणून टेबलावरचा तुझा राजीनामा मी उचलून ठेवलाय. रागावण्याआधी पुढचं वाच.

सकाळी तुझी पे-स्लिप नीट बघितली. निम्मा पगार त्या बिचाऱ्याने खाल्लेला नाही, टॅक्समध्ये कापला गेलाय. कामावर टॅक्स फाइल नंबर दिला नाही, तर इथे ऑस्ट्रेलियात सगळ्यात चढ्या दराने कापतात. तो नंबर द्यायचा फॉर्म पे-स्लिपखालीच सापडला, कोरा. का कोरा, तेही लक्षात आलं. तू टूवूंबात उतरलीस त्याच दिवशी मी बजावलं होतं, "लोक फसवतात, कुठलाही नंबर कुणालाही द्यायचा नाही." जन्मात माझं एकच ऐकलंस, तेही नेमकं हे.

फॉर्म आजच भरून दे. पुढच्या पगारापासून कपात उतरेल, आणि जास्तीचे कापलेले जुलैत रिटर्न भरलं की परत येतील. युनिव्हर्सिटीची फी निघेल, तिकीट बघत बसू नकोस.

मी हॉस्पिटलला ड्यूटीवर निघाले. आमटी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव.

सल्ला माझा होता, भुर्दंड तुला बसला. तेव्हा या महिन्याचं तुझं भाडंही मीच भरलंय.

करुणाताई