पुढं म्हणजे कधी

१ मे २०१५, गावी

टाळ्या पडल्या! आपल्याच ग्रामसभेत, आपल्याच माणसांच्या. नागपूरच्या संशोधन केंद्रात चार वर्षं घासून जे मिळालं नाही ते आमगाव तालुक्यातल्या समाजमंदिरात मिळालं.

आधी हवामानाच्या जागतिक मॉडेलचा नकाशा दाखवला. आपला अख्खा जिल्हा आणि बालाघाट मिळून एकच चौकोन. लोक हसले. चैतरामकाका म्हणाले, "आपला गाव कोठी आहे यात?" मग मी आमचं प्रादेशिक मॉडेल काढलं. बारीक बारीक चौकोन, जवळपास तालुक्याला एक. आमच्या निळ्या चौकोनावर बोट ठेवलं नि म्हटलं, पुढं सप्टेंबरचा पाऊस वाढणार आहे.

"मंग पुढं भारी धान लावाचा ना बाई?" काकांनी विचारलं.

"हो, हरकत नाही."

बाबूजी मागच्या रांगेत होते. लेकीचं ऐकायला इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

३ मे, नागपूर

माझं 'पुढं' म्हणजे २०४० ते २०७०. तीस वर्षांची सरासरी. काकांचं 'पुढं' म्हणजे येत्या जुलैतली धानाची रोवणी.

गाडीत लक्षात आलं असं लिहिणार होते. खोटं आहे ते. तिथंच लक्षात आलं होतं, "हो" म्हणायच्या आधी. पण टाळ्या चालू होत्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

हलका धान दसऱ्याच्या सुमाराला निघतो. भारी दिवाळीनंतरही बांधीच्या खाचरात उभा असतो, त्याला सप्टेंबर-ऑक्टोबरचं पाणी लागतंच. यंदा ते येईल की नाही, हे माझं मॉडेल सांगतच नाही. सांगायचं त्याचं कामच नाही.

उद्या फोन करते.

११ जून

केला नाही.

१९ जुलै

केला. घरची रोवणी संपत आली म्हणे.

"आपण काय लावलं, बाबूजी? हलकाच ना?"

"हलका. नेहमीचा."

"आणि चैतरामकाका?"

"त्यानं भारी लावला. साऱ्या बांध्यांत."

आपलं घर वाचलं म्हणून मला हायसं वाटलं. हे इथं लिहून ठेवते, म्हणजे मी काय चीज आहे ते मला विसरता येणार नाही. काकांनी मला सायकलवर बसवून आमगावच्या शाळेत सोडलं आहे. आता त्यांना काय सांगू? रोवलेला धान कुणी उपटत नाही.

२३ ऑगस्ट

शोधनिबंधाची आकृती झाली. सर म्हणाले, "सुंदर आली." आली आहेच. बारीक जाळी दिसते छान, टेकड्या, तलाव, सगळं.

पण प्रादेशिक मॉडेलच्या शिवेवरून आत येणारं वारं नि बाष्प जागतिक मॉडेलकडूनच घ्यावं लागतं. पाट कितीही बारीक काढा, तलावात असेल तेवढंच पाणी बांधीत येतं. आणि माझ्याकडे एक नाही, पाच जागतिक मॉडेलं होती. दोनांत सप्टेंबरचा पाऊस वाढतो, दोनांत घटतो, एकात काहीच होत नाही. मी वाढणाऱ्यांपैकी एक घेतलं, कारण त्याचा डेटा आधी उतरवून झाला होता. ग्रामसभेत बाकीच्या चारांचं नावही काढलं नाही. ज्या मोठ्या चौकोनाला सगळे मिळून हसलो, तो निदान "नक्की माहीत नाही" म्हणत होता.

बारीक चौकोनाचं हेच आहे. त्यात आपलं गाव दिसतं, की माणूस बाकी विचारत नाही.

२२ सप्टेंबर

घरी फोन केला. दोन आठवडे थेंब नाही. बोडीच्या तळ्यात गुडघाभर पाणी उरलंय म्हणे.

सरांना सगळं सांगितलं. "एका वर्षानं मॉडेल खोटं ठरत नाही. तू चुकलेली नाहीस." शास्त्र म्हणून शंभर टक्के बरोबर.

२ ऑक्टोबर

आज गावी ग्रामसभा. जाऊन उभं राहायचं, सगळं कबूल करायचं, असं ठरवलं होतं. सकाळी बाबूजींचाच फोन. "येऊ नको बेटी. ऊन लय आहे. कामं कर आपली."

ऊन लय आहे! मी विदर्भातलीच आहे ना? पण कारण मिळालं, घेतलं. खोलीत बसून राहिले. भेकड.

९ नोव्हेंबर, गावी

दिवाळीला आले. पिशवी ओट्यावर ठेवली नि आधी काकांच्या शेतात गेले. भरलेली लोंबी वाकते. त्यांच्या सगळ्या ताठ होत्या. एक चोळून पाहिली, हातात नुसतं फोलपट.

सगळं सांगितलं. 'पुढं' म्हणजे काय ते, पाच मॉडेलं, त्यातलं मी एकच दाखवलं ते. काका विळ्याच्या मुठीला दोरी गुंडाळत ऐकत होते.

"तुया नकाशाले पाहून कोन लावते बाई?" म्हणाले. "तुया बापानं रोपासाठी भारीचे पऱ्हे टाकले. कन्हैयालाल उगाच नाही टाकत. ते पाहून आमी टाकले."

मी म्हटलं, नाही काका, आमच्याकडे हलका लावला होता.

काकांनी विळा आमच्या बांध्यांकडे रोखला. "जाऊन पाह्य."

१० नोव्हेंबर

गेले. आमच्या पाचही बांध्या. सगळ्या लोंब्या ताठ. बाबूजी धुऱ्याच्या बांधावर बसले होते.

विचारलं, खोटं का सांगितलंत?

"फोनवर तू विचारलीच अशी," म्हणाले, "की मले हलकाच सांगा लागला."