पहिलीच्या वर्गाचे शांत सर

१५ जून, रविवार. संध्याकाळ.
उद्या शाळा. यंदाचा संकल्प पक्का: ताण घ्यायचा नाही. बीडच्या ताणमुक्ती शिबिरात तिथल्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं, ताण आपण घेतला तरच असतो. नाकाने श्वास आत, तोंडाने बाहेर, चेहऱ्यावर स्मित. चहा बंद. ओरडणं बंद. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे दिवसातून एकदाच बघायचं.
प्रियदर्शनीला स्मित करून दाखवलं. म्हणाली, दाढ दुखतीय का? बायको शिक्षकी पेशातली नसली की असं होतं.

१६ जून, सोमवार.
प्रवेशोत्सव झकास. लिंबागणेशच्या पुढे आमची वाडी. शाळा दोन शिक्षकी. तेजश्री मॅडम मुख्याध्यापक, बाकी सगळं मी. (मॅडमना हे वाक्य मान्य नाही.) पहिलीची पोरं ट्रॅक्टरवरून वाजतगाजत आणली. मी जोकरची टोपी घालून नाचत सामोरा गेलो. पोरं भारावली. काही भारावून रडली. एक जण घरी पळालं, त्याला मॅडमनी धरून आणलं.
करिष्मा नावाच्या मुलीला वाकून गुलाब दिला. ती चावली. मनगटाला. लहान मूल आपल्या माणसालाच चावतं, असं कुठंतरी वाचलंय. पहिल्याच दिवशी एवढी आपुलकी!
येताना धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. तशी गरज नव्हती.

१७ जून, मंगळवार.
करिष्मा आजीशिवाय बसत नाही. आजी दगडाबाई मागच्या भिंतीला टेकून दिवसभर वर्गात. मी विचारलं, क कशाचा? पोरं गप्प. दगडाबाई म्हणाली, कणसाचा. मी म्हटलं, आजी, पोरांना बोलू द्या. तर म्हणाली, मग बोलत कावून न्हाईत?
मॅडमचं म्हणणं, आजीचं रानातलं काम अडतंय, ती किती दिवस येणार? तिनं यायचं सोडलं की पोरगी शाळा सोडणार. आणि पट काठावर आहे. एक जरी गळालं तर एक शिक्षक जास्तीचा ठरेल. एवढं बोलून माझ्याकडे बघितलं. माझा सल्ला हवा असावा.
करिष्माला मी बसवणारच. प्रेमाने. ताण न घेता.

१८ जून, बुधवार.
एकदाच ओरडलो. ते ओरडणं नव्हतं, आवाजाचा चढ होता.
चहा घेतला. अर्धाच. दोनदा.

२० जून, शुक्रवार.
नवा प्रयोग. खिचडीनंतर ध्यान. सगळ्यांना डोळे मिटायला लावले. संथ आवाजात म्हटलं, समोर एक नदी वाहतेय. दगडाबाईने विचारलं, कंची, बिंदुसरा का? मग तिलाही मिटायला लावले.
काय शांतता पसरली! इतकी खोल समाधी मला आजवर लागली नव्हती. मॅडमनी खांद्याला धरून हलवलं तेव्हा बाहीला थोडी लाळ होती आणि पोरं बाहेर लंगडी खेळत होती. करिष्मा मात्र माझ्यापुढे बसून टक लावून बघत होती. म्हणजे परिणाम होतोय.

२३ जून, सोमवार.
ग्रुपवर मेसेज: परवा केंद्रप्रमुख साहेबांची शाळाभेट. मी अजिबात ताण घेतला नाही. पाठाचं साहित्य बनवलं, मग फाडलं, मग बनवलं. घरी आलो तर प्रियदर्शनी म्हणाली, बूट घालून जेवायला बसलात. मी म्हटलं, मुद्दाम.

२५ जून, बुधवार.
भेट उत्तम झाली. साहेबांनी पट विचारला, मी चुकून माझ्या बीपीचा आकडा सांगितला. ते म्हणाले, एवढा पट कसा? मॅडमनी सावरलं. मग म्हणाले, सर, शिकवून दाखवा. मी खडू आणतो म्हणून मागच्या खोलीत गेलो आणि श्वासाचा व्यायाम सुरू केला. आत, बाहेर. बहुतेक आतच जास्त घेतला गेला, कारण खाली बसावं लागलं.
डोळे उघडले तर दगडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर. मागे पदर धरून करिष्मा.
"गुर्जी, कावून इतकं भेता? वाघ हाय का त्यो?"
मी म्हटलं, आजी, मी भीत नाही, हे तंत्र आहे. ती म्हणाली, "हाय ना. प्या पानी." आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. खोलीत धूळ फार, डोळ्यांत गेली.
दारातून बघत साहेबांनी मॅडमना हळूच विचारलं, ह्या सरांच्या आई का?
हाताला धरून दगडाबाईनेच वर्गात आणलं. पुढचा पाठ अप्रतिम. साहेब जाताना म्हणाले, सर, तब्येत सांभाळा. कौतुकच ते.

३० जून, सोमवार.
विजय! करिष्मा आज एकटी आली. आजीशिवाय! रडली नाही, चावली नाही. दप्तर घेऊन थेट माझ्या टेबलाला चिकटून बसली. हे पंधरवड्याच्या प्रेमाचं, संयमाचं फळ. दुपारच्या सुट्टीत ग्रुपवर फोटो टाकला: 'ताणमुक्त अध्यापन, एक यशोगाथा.' प्रियदर्शनीला फोन करून सांगितलं. मग मॅडमना बोलावलं, म्हटलं, लेकराच्या तोंडूनच ऐका.
विचारलं, काय गं करिष्मा, आजी कावून नाही आली?
"आजी रानात गेली. म्हणली, आता तुला बसाय लागतंय. सर लई भेतेत. त्यान्ला एकटं सोडू नको."
मॅडम हजेरीपटात तोंड घालून बराच वेळ हसल्या. त्यांनाही ताण आहे, दुसरं काय.
तेवढ्यात रस्त्यावर जीपचा आवाज, साहेबांच्या जीपसारखा. मी दाराकडे बघितलं. करिष्माने माझं बोट घट्ट धरलं.
"भेऊ नका सर. मी हाय."
जीप थांबली नाही, चौसाळ्याकडे निघून गेली. करिष्मा हात सोडवायला लागली. मी म्हटलं, थांब थोडं. लहान मुलांना असं एकदम सोडू नये.